दगडी पाती काढायची पद्धत: हातोडा उचलण्याआधी आणि नंतर

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यावर अधूनमधून कोणी ना कोणी पिशवी घेऊन येतं. पिशवीत अकीकाचा (इंग्रजीत अॅगेट) भुगा, दोन-चार चौकोनी ढेकळं आणि आणणाऱ्याच्या बोटाला पट्टी. "काका, दगडच खराब निघाला हो." मी पिशवी पेपरावर ओततो, तुकडे उलटेपालटे करून बघतो. दगड बहुतेक वेळा चांगला असतो. घडलेलं असतं ते असं: गोटा आणला, त्याच दिवशी गॅसवर तापवला, गार व्हायची वाट न बघता पाण्यात बुडवला आणि मग बरोबर मधोमध घाव घातला. चारही गोष्टी चुकल्या, क्रमही उलटा.

म्हणून हे लिहितोय. अश्मयुगाचा इतिहास इथे नाही. इथे एकच काम आहे: मुठीएवढ्या अकीकातून चार-पाच सेंटिमीटर लांबीची सरळ, धारदार पाती काढायची आणि त्यातलं एक लाकडी मुठीत बसवायचं. हातकुऱ्हाडीच्या मागे आत्ताच लागू नका. ती दिसते ओबडधोबड, पण दोन्ही बाजू सांभाळत पातळ करणं हे वर्षभराच्या सरावानंतरचं काम आहे.

कामाचा क्रम हा असा: निवडणं, उघडणं, वाळवणं, तापवणं, गाभा तयार करणं, पाती काढणं, कड नीट करणं, मुठीत बसवणं, आवरणं. प्रत्यक्ष घाव घालण्याचा वेळ धरला तर तासभर. बाकी सगळा वेळ तयारीचा, आणि वाळवणं धरलं तर ती तयारी महिन्याच्या पुढे जाते.

काही शब्द आधीच ठरवून घेऊ, म्हणजे पुढे घोळ नको. ज्या मुख्य दगडातून तुकडे काढतो तो गाभा. निघणारा पातळ तुकडा छिलका. रुंदीच्या दुप्पट किंवा त्याहून लांब, समांतर कडांचा छिलका म्हणजे पातं. जिथे घाव बसतो ती सपाट जागा म्हणजे माथा. दगडाच्या अंगावरून उभी जाणारी धार म्हणजे कणा.

## तयारी: काय जमवायचं

हातोडा-दगड तीन लागतात: साधारण १५०, ३०० आणि ६०० ग्रॅमचे. नदीत घासून अंड्यासारखे गोल झालेले, हातात घट्ट बसणारे, एकही चीर नसलेले. क्वार्टझाइटचा गोटा उत्तम. लोखंडी हातोडी नको. ती माथा चिरडते आणि दगडात आत न दिसणाऱ्या चिरा सोडते.

मऊ हातोडा हवा तो पातळ छिलके काढायला. परदेशी व्हिडिओ बघणारे इथे सगळे एकच चूक करतात: सांबराचं शिंग शोधायला निघतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहे. सांबर-चितळाचं शिंग, जंगलात गळून पडलेलं का असेना, उचलून घरी ठेवता येत नाही. आपल्याकडे त्याहून चांगली सोय आहे. खंभातचे अकीक कारागीर पिढ्यान्‌पिढ्या म्हशीच्या शिंगाचा हातोडा वापरतात, बारीक लवचीक दांड्यावर बसवलेला. ते नाही मिळालं तर बाभळीचा किंवा खैराचा जड, वाळलेला दांडका चालतो.

कडेवर दाब देऊन बारीक छिलके उडवायला तांब्याचं टोक लागतं. इलेक्ट्रिकच्या दुकानात अर्थिंगची आठ गेजची तांब्याची तार मिळते, सुमारे चार मिलिमीटर जाड. तिचा बोटभर तुकडा लाकडी मुठीत ठोकून बसवा, सेंटिमीटरभर बाहेर ठेवा. झालं.

याशिवाय: मोच्याकडून जाड चामड्याचा हातभर तुकडा मांडीसाठी आणि तळहाताएवढा दुसरा डाव्या हातासाठी, धार लावायच्या कुरुंदाच्या चाकाचा फुटका तुकडा, ताडपत्री, पाणी मारायचा फवारा, बाजूने बंद असणारा चष्मा आणि एन-९५ मास्क.

इशारा: मास्क हा सोपस्कार नाही. अकीक, चर्ट (चकमकीच्या जातीचा दगड), गारगोटी हे सगळे सिलिका. त्यांची बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. खंभातला अकीक घासणाऱ्या कामगारांमध्ये सिलिकोसिस हा जुना, जीवघेणा आजार आहे, आणि इंग्लंडात ब्रँडनला बंदुकीच्या चकमका फोडणारेही त्याच आजाराने गेले. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करायचं. खाली ताडपत्री ओली. बंद खोलीत, पंख्याखाली कधीच नाही. कारखान्यात घासणाऱ्याइतकी धूळ आपण उडवत नाही हे खरं, पण फुप्फुसाला ते कळत नाही.

## टप्पा १: दगड निवडणं

बडोदं गाळाच्या मैदानावर बसलंय. विश्वामित्रीच्या काठाला खणलंत तर माती लागेल, वाळू लागेल आणि मगर भेटेल. तिथे दगड शोधू नका. पावागडावर ज्वालामुखीचा दगड आहे, पण चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. तिथला खडासुद्धा खिशात घालायचा नाही.

मग कुठून आणायचा? चांदोदला श्राद्धाच्या निमित्ताने आपल्यातली पुष्कळ मंडळी जातातच. नर्मदेच्या पात्रात तिथे अकीक, जास्पर, क्वार्टझाइट, बसाल्ट असे मिश्र गोटे सापडतात. सरावाला तेवढे पुरतात. घरात मोठी माणसं असतील तर आधी विचारून घ्या. "नर्मदेचा कंकर तो शंकर" मानणाऱ्या आजीच्या देखत गोट्यावर घाव घालायचा म्हणजे पुढचे आठ दिवस चहा स्वतःच करून प्यायचा.

चांगल्या प्रतीचा अकीक हवा असेल तर नर्मदेपलीकडे झगडिया तालुक्यात रतनपूरच्या टेकड्या, आणि त्या दगडावर काम करणारं खंभात. खंभातला कारागिरांकडून मणी न होणारा उरलेला माल विकत घ्या. ते आपल्यापेक्षा कितीतरी अधिक दगड बघतात, "तापवलेला की कच्चा?" एवढं विचारायला विसरू नका. तापवलेला निघाला तर टप्पा ३ आणि ४ वाचतील.

इशारा: रतनपूरच्या भागात जुन्या खाणींचे खड्डे उघडे पडलेले आहेत. गोट्यांचा थर पोकळ, सुटा असतो, पावसाळ्यानंतर कडा कोसळतात. आत उतरायचं नाही. स्वतः खणायचं तर नाहीच. परवान्याशिवाय उत्खनन हा गुन्हा आहे. आणि शेतात, टेकाडावर, नदीकाठी आधीच फोडलेली बारीक पाती पसरलेली दिसली, तर ती जागा पुरातन असू शकते. फोटो घ्या, जागा लिहून ठेवा, काही उचलू नका, आणि पुरातत्त्व खात्याला किंवा महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.

चकमकीचा दगड म्हणून पुस्तकांत जो दाखवतात, तो युरोपातल्या खडूच्या थरांत होतो. आपला अकीक वेगळ्या वाटेने आला: दख्खनच्या लाव्हारसात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका झिरपून साचत गेली, पुढे खडक झिजला आणि हे गोटे वाहत जाऊन दगडगोट्यांच्या थरात अडकले. याचा व्यवहारातला अर्थ दोन वाक्यांत: गोट्याच्या मध्यभागी बहुधा स्फटिकांची पोकळी असते, ती टाळायची. आणि नदीत आपटत आलेल्या गोट्यात चिरा असतात, त्या शोधायच्या.

उघड्यावर पडलेला दगड आणि जमिनीतून काढलेला दगड यांतला फरक खाणवाल्यांना फार पूर्वीपासून माहीत होता. इंग्लंडात नॉरफोकमध्ये ग्राइम्स ग्रेव्हज इथे इसवी सनपूर्व २६००च्या सुमाराला लोकांनी हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी दहा-बारा मीटर खोल विहिरी खणल्या. वाटेत चकमकीचे दोन थर लागायचे, ते ओलांडून तिसऱ्या, तळाच्या थरापर्यंत जायचे, कारण तिथला दगड मोठा, सलग आणि एकजीव. आपण खणणार नाही. पण फुकटात, उन्हापावसात वर्षानुवर्षं पडलेला दगड मिळाला म्हणून खूश व्हायचं नाही, एवढं लक्षात ठेवू.

तपासणी चार प्रकारची करा:

१. आवाज. दोरीला टांगा किंवा दोन बोटांवर हलका धरा, दुसऱ्या गोट्याने टिचकी मारा. पितळी पेल्यासारखा खणखणीत आवाज आला तर ठीक. फुटक्या मडक्यासारखा आला तर सोडा.
२. पाणी. पूर्ण भिजवा, मग उन्हात धरा. पृष्ठभाग वाळत असताना चिरांच्या रेषा ओल्या, काळ्या राहतात. ही परीक्षा सगळ्यांत भरवशाची, आणि सगळ्यांत जास्त वगळली जाणारी.
३. उजेड. पातळ कड मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. एकसारखा दुधी उजेड पार आला पाहिजे. पट्टे चालतील, पांढरे ढग आणि खडीसाखरेसारखे दाणे चालणार नाहीत.
४. आकार. सर्वांगाने गोल गोटा नवशिक्याने घेऊ नये. कुठेतरी सपाट बाजू आणि तिच्याशी तिरपी उतरणारी कड असलेला घ्या. गोल गोट्यात घाव घालायला कोपराच नसतो.

दहातले सहा-सात गोटे इथेच बाद झाले तर वाईट वाटून घेऊ नका. बाद गोटे सरावाला ठेवा. सरावाला आणखी एक स्वस्त माल: फुटकं वॉशबेसिन. भंगारवाल्याकडे मिळतं, चिनी माती एकसारखी फुटते, आणि चुकलं तर हळहळ नाही. बाटलीचा जाड बूडही चालतो.

## टप्पा २: गोटा उघडणं

पुष्कळ जण अख्खा गोटा भट्टीत टाकतात. जाड दगडाचं बाहेरचं अंग आधी तापतं, आतलं मागे राहतं, आणि त्या ओढाताणीत तो तडकतो. खंभातचे लोक अख्खे गोटे तापवतात हे खरं, पण त्यांचा हात आणि त्यांची भट्टी आपल्याकडे नाही. आपण आधी उघडायचं, चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जाड काही भट्टीत जाऊ द्यायचं नाही.

सपाट बाजू असलेला गोटा डाव्या मांडीवर चामड्यावर धरा, ६०० ग्रॅमच्या हातोड्याने सपाटीच्या कडेपासून सेंटिमीटरभर आत एक ठाम घाव. साल असलेला मोठा छिलका सुटेल आणि आतला रंग दिसेल. छिलका सुटून उरलेली ती जागा, म्हणजे व्रण, हाच आता तुमचा पहिला माथा.

सपाटी अजिबात नसलेला लहान गोटा असेल तर ऐरण वापरा: मोठ्या दगडावर गोटा उभा धरा, वरून घाव घाला. दोन्ही टोकांकडून दाब येऊन गोटा संत्र्याच्या फोडींसारखा उभा चिरतो. तुकडे वेडेवाकडे येतात, पण त्यातल्या एखाद्याला हवी ती तिरपी कड मिळते. बोटं मध्ये धरू नका, दगड जुन्या फडक्याच्या वेटोळ्यात उभा करा.

इथे थांबून बघा: उघडलेल्या पृष्ठभागावर गारगोटीचे दाणे किंवा पोकळी दिसते का? दिसली तर ती बाजू गाभ्याच्या मागे, हातात धरायच्या अंगाला राहील अशा बेताने तुकडे करा.

## टप्पा ३: वाळवणं

अकीक दिसायला काचेसारखा, पण त्याच्या अंगात सूक्ष्म पाणी असतं. ते वाफ होऊन बाहेर पडायला वाट मिळाली नाही की दगड फुटतो. रतनपूर-खंभातच्या धंद्यात गोटे आधी महिनोन्‌महिने उन्हात पसरून ठेवतात. आपले तुकडे लहान आहेत. एप्रिल-मेच्या बडोद्याच्या उन्हात गच्चीवर महिनाभर ठेवले, दिवसातून एकदा उलटले की पुरे. पावसाळ्यात हा उद्योग सुरूच करू नका. हवाच ओली, वाळणार काय?

घाई असेल तर वाळूत पुरून शंभर अंशांच्या आत बारा तास. त्याहून घाई असेल तर तापवणंच सोडून द्या. न तापवलेल्या अकीकातूनही पाती निघतात, थोडा जास्त जोर लागतो, इतकंच.

## टप्पा ४: तापवणं

तापवल्याने दगड मऊ होत नाही. त्यातून चीर जास्त सहज, जास्त सरळ धावते. म्हणून छिलके लांब येतात. जास्त तापवलं की तोच दगड काचेच्या चुऱ्यासारखा ठिसूळ होतो. मधली जागा अरुंद आहे, आणि बहुतेकांचं काम इथेच बिघडतं.

१. जाड मडकं घ्या. तळाशी चार बोटं कोरडी, चाळलेली वाळू.
२. त्यावर दगड एकमेकांना न लागता मांडा. मध्ये आणि वर वाळू. मोठे तुकडे मध्यभागी.
३. दगडांच्या पातळीला थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजायची, तार सोडा. भट्टीवाल्यांकडचं साधं डिजिटल मीटर पुरतं. अंदाजाने तापवणारे लोक माझ्या ओट्यावर भुगा घेऊन येतात.
४. मडक्यावर झाकण. खड्ड्यात मडक्याभोवती लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस दाबून भरा आणि वरून पेटवा. हे धुमसतं. गोवऱ्यांचा ढीग रचून भडका केलात तर ताप एकदम चढेल.
५. तासाला पन्नास अंशांपेक्षा वेगाने चढू देऊ नका. तीनशे अंशांवर पोचलं की तीन-चार तास तिथेच. साडेतीनशेच्या वर नको.
६. मग काहीही करू नका. रात्रभर तसंच, आणि दुसऱ्या दिवशी दुपारीही मडकं कोमट लागलं तर झाकण उघडायचं नाही. कोमट मडक्यातून दगड काढून फरशीवर ठेवला आणि तो "टिक" असा वाजला, तर ती चीर गेली आत.

इशारा: अर्धवट वाळलेला दगड मडक्यात फुटला तर तुकडे झाकण उडवू शकतात. पेटवल्यावर खड्ड्यावर वाकून बघत बसू नका. मुलं, मांजरं लांब.

बरोबर झालं हे कसं ओळखायचं? दगडात लोह असेल तर पिवळट-करडा रंग लालसर-नारिंगी होतो. अकीकाचा लाल कार्नेलियन याच वाटेने होतो. पण रंगावर विसंबू नका, लोह नसेल तर रंग बदलत नाही. एक छोटा छिलका काढून बघा. जुनं अंग मंद आणि नवा व्रण तेल लावल्यासारखा चमकदार असेल तर जमलं. पृष्ठभागावर बशीच्या आकाराचे गोल खळगे उडालेले दिसले किंवा जाळीदार चिरा पडल्या तर जास्त झालं. तो तुकडा पाती काढायला बाद.

बसाल्ट तापवू नका. त्याला याचा काही उपयोग नाही, आणि तुमचा भुसा फुकट जाईल.

## टप्पा ५: गाभा तयार करणं

या टप्प्यावर लेखाचा मोठा भाग खर्च करतोय, कारण पाती बिघडतात ती इथेच.

काचेच्या तावदानावर छर्रा लागला की मागच्या बाजूने शंकूसारखा तुकडा उडतो. बघितलं असेल. अकीकातही घावापासून असाच शंकू सुटतो. घाव मधोमध घातला तर शंकू दगडाच्या पोटात शिरतो आणि गोटा भुगा होतो. घाव कडेजवळ घातला तर शंकूचं अर्धंच अंग दगडात मावतं आणि कडेच्या बाजूने एक छिलका सुटतो. छिलक्याच्या आतल्या अंगाला घावाच्या खालीच जो गोल फुगवटा दिसतो तो या अर्ध्या शंकूचा. बाकी सगळी कला म्हणजे तो शंकू कुठे जाईल हे आधी ठरवून ठेवणं.

त्यासाठी तीन गोष्टी तपासायच्या, प्रत्येक घावाआधी, न कंटाळता.

कोन. माथा आणि जिथून छिलका निघणार ते अंग, यांच्यातला कोन नव्वद अंशांपेक्षा कमी हवा, सत्तर-ऐंशी उत्तम. मुलांच्या कंपासपेटीतला गुण्या घ्या आणि कडेला लावून बघा. काटकोन किंवा जास्त असेल तर कितीही जोर लावा, कड फक्त चेंगरेल. मग माथ्यावरून एक छिलका काढून कोन नवा करा, किंवा दुसरी कड शोधा.

कणा. छिलका जाड जागेच्या मागे धावतो. ज्या अंगातून तो काढायचा, तिथे एक उभी, सरळ धार असली पाहिजे. चीर तिच्याखालून सरळ जाईल. अंग सपाट असेल तर छिलका पंख्यासारखा पसरून आखूड निघतो. अंगात खोलगट जागा असेल तर तिथेच अडून तुटतो.

कड घासणं. माथ्याची कड नव्या व्रणामुळे पातळ, ओठासारखी बाहेर आलेली असते. घाव बसला की तो ओठ चुरतो, जोर तिथेच संपतो. कुरुंदाच्या तुकड्याने कड माथ्याकडून अंगाकडे, म्हणजे खालच्या दिशेने, चार-पाच वेळा खरवडा. बोट फिरवल्यावर कड कापायची बंद झाली, जरा बोथट आणि खरखरीत लागली, की झालं. मऊ हातोड्याने मारायचं असेल तर आणखी थोडी घासा. नवीन माणसं ही पायरी सोडतात, कारण धार बोथट करणं त्यांना उलटं वाटतं.

नैसर्गिक कणा नसेल तर तो बनवायचा. ज्या बाजूने पहिलं पातं हवं तिथे एका कडेवरून डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने लहान छिलके काढत जा. नागमोडी, पण एकंदर सरळ शेंडी उभी राहते. तिच्या टोकाशी माथा ठेवून घाव घातला की ती शेंडी पहिल्या पात्याबरोबर निघून जाते. त्या पात्याचा छेद त्रिकोणी असतो, ते वापरायचं नसतं. पण त्याच्या जागेवर दोन समांतर कणे उरतात आणि पुढची पाती त्यांच्यावरून निघतात. सिंधू संस्कृतीच्या वसाहतींत जी लांब चर्टची पाती सापडतात, ती याच शेंडीच्या पद्धतीची.

घाव घालण्याआधी शेवटचं: गाभा हातात फिरवून मनात म्हणा, "माथा इथे, घाव इथे, चीर इथून जाणार, इथे संपणार." चारातलं एकही सांगता आलं नाही तर हातोडा खाली ठेवा.

## टप्पा ६: पाती काढणं

पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसा. डाव्या मांडीवर चामडं, त्यावर गाभा. छिलका निघणार ते अंग खाली, हाताच्या तळव्याकडे. डाव्या हाताची बोटं त्या अंगाखाली हलका आधार देतात, पण घट्ट दाबत नाहीत. घट्ट आवळलेला गाभा पाती अर्ध्यात मोडतो.

३०० ग्रॅमचा हातोडा. कडेपासून तीन ते पाच मिलिमीटर आत. हात कोपरातून, मनगट सैल, आणि घाव दगडावर थांबवायचा नाही; तो पुढे निघून गेला पाहिजे, कपड्यावरची धूळ झटकावी तसा. दिशा अंगाला जवळजवळ समांतर, किंचित आत. एकच घाव. पहिला बसला नाही म्हणून त्याच जागी दुसरा-तिसरा घातलात तर आत शंकूवर शंकू साचतात आणि माथा भुसभुशीत होतो. घाव वाया गेला तर कड पुन्हा घासा, मग पुन्हा.

पाच-सहा पाती निघाली की माथ्याची कड खराब होते, कोन वाढतो. मग माथाच एका छिलक्याने उडवून नवा करायचा. कंटाळा करून जुन्याच माथ्यावर मारत राहिलात तर पुढची सगळी आखूड येतील.

चूक झाली की निघालेला तुकडा आणि गाभ्यावरचा व्रण दोन्ही बघा, कारण तिथेच लिहिलेलं असतं. पातं मध्येच पायरीसारखं तुटलं तर घाव कमजोर होता किंवा दगडात चीर होती. टोकाशी गोल वळून बाहेर आलं तर घाव बाहेरच्या दिशेने गेला, किंवा अंगावर खळगा होता. पात्याबरोबर गाभ्याचा बूडच आला तर घाव फार आत आणि फार जोरात. फक्त भुकटी उडाली, काही निघालं नाही, तर कोन बघा. तो नव्वदच्या पुढे गेला असणार.

पायऱ्या एकावर एक साचल्या की त्यांच्यावर वरूनच मारत राहू नका. गाभा उलटा करा, खालच्या टोकाशी माथा तयार करा आणि खालून वर एक जाड छिलका काढून ती गाठ उचला. माझ्याकडे येणाऱ्या दहा गाभ्यांतले निम्मे तरी एवढ्याने वाचतात.

खंभातची तऱ्हा वेगळी, शिकण्यासारखी. लोखंडी सळईचं टोकदार डोकं जमिनीतून तिरपं वर येईल अशी सळई पक्की रोवलेली असते. कारागीर दगडाची कड त्या टोकाला टेकवतो आणि वरून शिंगाच्या हातोड्याने दगडावर हलका घाव घालतो. छिलका सुटतो तो खालून, सळईच्या टोकापाशी. टोक हलत नाही, त्यामुळे घाव नेमका त्याच बिंदूवर बसतो. हातोडा-दगडाचा नेम ज्यांना जमत नाही त्यांनी बारा मिलिमीटरची सळई, टोक गोलसर घासून, कुंडीत सिमेंटमध्ये बसवून बघावी. मी घरात तीच वापरतो. गुडघे आता मांडीवरचे घाव सहन करत नाहीत.

## टप्पा ७: कड नीट करणं

निघालेलं पातं जसंच्या तसंच सगळ्यात धारदार असतं. धारेला हात लावायचा नाही. नीट करायची ती पाठ, म्हणजे जी कड लाकडात जाणार ती.

डाव्या तळहातावर चामडं, त्यावर पातं, बोटांनी दाबून धरलेलं. तांब्याचं टोक कडेवर टेकवा, आधी आत दाबा, दाब पुरेसा वाढला की मनगट किंचित खाली वळवा. "टच्" असा आवाज, आणि भाताच्या दाण्याएवढा छिलका सुटतो. रांगेने करत जा. पाठ जाड आणि बोथट झाली की ती पुढच्या टप्प्यातल्या राळेत घट्ट बसते.

तपासा: तळहातावरचं चामडं आरपार भोसकलं गेलं आहे का? पाच-सहा पात्यांनंतर ते जाळीदार होतं. बदला. तांबं तळव्यात शिरल्याचा अनुभव मी घेतलाय, तुम्ही घेऊ नका.

## टप्पा ८: मुठीत बसवणं

सागाच्या किंवा बांबूच्या तुकड्यात खाच. पातं चिकटवायला राळ चार भाग, मेण एक भाग, बारीक चाळलेली विटेची पूड किंवा कोळशाची भुकटी एक ते दीड भाग. मंद आचेवर, उघड्यावर, लोखंडी पळीत. राळ पेट घेते, म्हणून झाकण जवळ ठेवा, पाणी नाही. थंड झाल्यावर नखाने चिरा पडल्या तर मेण थोडं वाढवा. बोटाने दबली तर पूड वाढवा. खाचेत भरून पातं तापवून बसवा, ओल्या बोटाने आकार द्या. भेंडी, दोरी, चामड्याची पट्टी सहज कापली जाते. हाडावर, लाकडाच्या गाठीवर वापरू नका, धार तुटेल. आणि धार तुटली की घासत बसू नका. राळ तापवून पातं काढा, नवं बसवा. त्यासाठीच तर दहा काढलीत.

## टप्पा ९: आवरणं

कोरडा झाडू मारायचा नाही. ताडपत्रीवर पाणी मारा, कडा गोळा करा, ओला चिखल जाड पिशवीत. कपडे झटकू नका, भिजवून धुवा. अनवाणी कोणी आलं तर? अकीकाचा बारीक छिलका पायात शिरला की दिसत नाही, फक्त ठसठसतो. टॉर्च जमिनीला टेकवून आडवा उजेड टाका; राहिलेले तुकडे चमकतात.

पिशवीतले मोठे छिलके लगेच फेकू नका. एका गाभ्याचे छिलके वेगळे ठेवा आणि रविवारी दुपारी ते परत जुळवून बघा, कोडं जुळवतात तसे. कुठला घाव कुठे चुकला हे तेव्हा कळतं, फोडताना नाही.

त्यानंतरची काळजी मात्र कटाक्षाने. हे छिलके नदीकाठी, शेतात किंवा टेकडीवर टाकायचे नाहीत. तीस-चाळीस वर्षांनी कोणी अभ्यासक तिथे आला तर त्याला ते खरे वाटतील, आणि तुमच्या रविवारच्या उद्योगावर त्याचा अहवाल उभा राहील. खड्ड्यात पुरा आणि त्यात त्या वर्षाचं नाणं किंवा काचेची बाटली टाका. ठेवायच्या पात्यांवर हिऱ्याच्या टोकाच्या पेनाने वर्ष कोरा, एका कोपऱ्यात, बारीक. मी माझी पहिली पाती न कोरताच मित्रांना वाटली होती. त्यातलं एक आता कोणाच्या तरी दिवाणखान्यात काचेच्या पेटीत आहे, खाली चिठ्ठी: "पाच हजार वर्षांपूर्वीचं." मी दोनदा सांगून पाहिलं. मालक ऐकत नाहीत.